मजेसाठी दुसरी गाडी: जुनी, स्वस्त आणि चपळ

घरात रोजच्या कामाची एक गाडी आहे. ऑफिस, शाळा, बाजार, गावाला जाणं सगळं ती सांभाळते. आता रविवारी पहाटे ताम्हिणीत किंवा आंबोलीत चालवायला एखादी चपळ गाडी हवी आहे, पण त्यासाठी नव्या गाडीचे दहा-बारा लाख घालायची तयारी नाही. अशांसाठी हा लेख आहे. आमचं म्हणणं थोडक्यात असं: ताकदीचा आकडा शेवटी बघा. आधी गाडी कशी राखली आहे ते बघा, मग तिचे पार्ट मिळतात का ते, आणि मग ती हाताळणारा मेकॅनिक जवळपास आहे का ते.

दुसरी गाडी घेताना घाई नसते, हा सगळ्यात मोठा फायदा आहे. मनासारखी गाडी मिळायला चार महिने लागले तरी कुणाचं अडत नाही. ती दोन आठवडे गॅरेजमध्ये राहिली तरी घर चालतं. हा फायदा पुरेपूर घ्या आणि पहिल्याच गाडीवर विसार देऊन मोकळे होऊ नका. मात्र पार्किंगची सोय आधी करा. सोसायटीत दुसरी जागा मिळत नसेल आणि गाडी रस्त्यावर झाडाखाली उभी राहणार असेल, तर चांगली गाडीसुद्धा दोन पावसाळ्यांत खराब होते.

पैशांची मांडणी

हातात चार लाख असतील तर गाडी तीन लाखांच्या आतच शोधा. उरलेला लाख हा पहिल्या तीन महिन्यांचा खर्च आहे: टायर, ब्रेक, बुश (सस्पेन्शनचे रबरी सांधे), बेल्ट, बॅटरी, सगळी तेलं, विमा आणि गाडी नावावर करण्याचा खर्च. नवखे लोक नेमके इथे अडकतात. पूर्ण चार लाख गाडीत घालतात, मग टायरला पैसे उरत नाहीत, आणि टणक झालेल्या सात वर्षांच्या टायरांवर घाटात जातात.

काही खर्च ठरलेले असतात, ते आधीच हिशोबात धरा. थर्ड-पार्टी विम्याचा हप्ता इंजिनाच्या आकारावर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वर एकदम ७,८९७ रुपये. म्हणजे १.६ किंवा १.८ लिटरची गाडी घेतली की दरवर्षी साडेचार हजार जास्त, फक्त थर्ड-पार्टीचे. गाडीला नोंदणीपासून १५ वर्षं होत आली असतील तर आरटीओत पुन्हा तपासणी, पुनर्नोंदणीचं शुल्क आणि पर्यावरण कर आला. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या पुनर्नोंदणीचं मूळ शुल्कच ५,००० रुपये झालं. ते काम विकणाऱ्याने करून द्यायचं की तुम्ही, हे सौद्यातच ठरवा. तपासणीत गाडी अडली तर दुरुस्तीचा खर्च कुणाचा, हेही तेव्हाच बोलून घ्या.

दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले आणि तिथले मालक त्या बाहेरच्या राज्यांत विकू लागले. पण अशी गाडी महाराष्ट्रात कायम वापरायची तर मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र), इथे नवं पासिंग आणि इथला रोड टॅक्स आलाच. नव्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के असलेला हा कर जुन्या गाडीला वयानुसार कमी होतो, तरी तो भरल्यावर आणि एजंटचे पैसे दिल्यावर दिल्लीच्या भावाचा फायदा बराचसा विरतो. गोव्याची गाडी महाराष्ट्रात आणतानाही हेच. पहिल्याच खरेदीत तुमच्या राज्याच्या पासिंगचीच गाडी घ्या.

कोणती गाडी

मजा वजनावर अवलंबून असते, हे आकड्यांत बघा. २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट ८३ पीएसची (पीएस म्हणजे ताकदीचं माप, साधारण अश्वशक्ती), वजन सुमारे ८७० किलो, म्हणजे टनामागे साधारण ९५ पीएस. ज्या पोलो जीटी टीएसआयचं एवढं नाव आहे ती १०५ पीएसची, वजन सुमारे १,१०० किलो, म्हणजे टनामागे तेवढेच ९५. पोलोत टर्बोमुळे १५०० आरपीएमपासूनच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १७५ न्यूटन मीटर ओढ मिळते, म्हणून ती जोरदार वाटते. स्विफ्टचं इंजिन मात्र जास्त फेऱ्यांवर फिरवत ठेवावं लागतं. ज्यांना गिअर बदलत, इंजिन वर नेत चालवायला आवडतं त्यांना स्विफ्टच जास्त आनंद देईल, आणि तिचे पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतात. पहिली अशी गाडी घेणाऱ्याला आमचा सल्ला एखाद्या चांगल्या राखलेल्या स्विफ्टचाच आहे. २००५ ते २०१० मधली १.३ लिटर, ८७ पीएसची जुनी स्विफ्टही सुंदर वळते, पण तिच्यासाठी आता पुनर्नोंदणीचा हिशोब आला.

बलेनो आरएस (२०१७ पासून साधारण तीन वर्षं) हा कमी लोकांच्या लक्षात राहिलेला चांगला पर्याय. १.० लिटर टर्बो, १०२ पीएस, १५० न्यूटन मीटर, वजन ९५० किलो आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. एप्रिल २०२३ मध्ये मारुतीने ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपातल्या संभाव्य दोषासाठी ७,२१३ बलेनो आरएस परत बोलावल्या होत्या. तुम्ही बघत असलेल्या गाडीचं ते काम झालंय का, हे चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा. काम झालेलं नसेल तर ब्रेक पेडल घट्ट होऊ शकतं. बाकीचे बरेच पार्ट साध्या बलेनोचे आहेत, पण इंजिनाचे खास पार्ट मागवावे लागतात.

पोलो जीटी टीएसआय चाकणला बनायची. पुण्याच्या परिसरात ती हाताळणारी खासगी गॅरेजेस बरीच आहेत आणि पार्टही मिळतात. २०१३ पासूनच्या १.२ लिटर गाडीत सात गिअरचा, कोरड्या दुहेरी क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. गाडीतला महागडा भाग म्हणजे हाच. त्यातलं मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक भाग, गेलं तर खर्च लाखाच्या घरात जातो. ट्रॅफिकमध्ये सतत रांगत चालवल्याने क्लच तापतात, झिजतात, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरायला लागते. म्हणून मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ७० हजार किमी झालेल्या गाडीपेक्षा हायवेवर लाखभर चाललेली गाडी बरी असू शकते. २०२० नंतरच्या १.० लिटर जीटीमध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (कोरड्या क्लचऐवजी तेलातून ताकद देणारा ऑटोमॅटिक) आहे. तो जास्त निर्धास्त, पण ती गाडी महाग.

डिझेलमध्ये फोर्ड फिगो १.५ (२०१५ ते २०२१) ही १०० पीएस आणि २१५ न्यूटन मीटरची हलकी गाडी घाटात अफाट ओढते. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे लोक घाबरून भाव पाडतात. इंजिनाचे आणि सस्पेन्शनचे पार्ट मिळतात. अडचण येते ती बंपर, दिवे, आतलं प्लास्टिक अशा गोष्टींची. म्हणून फिगो घेताना बाहेरची हेडलाइट, टेललाइट, आरसे फुटलेले नसलेली गाडीच बघा. त्याआधीची पेट्रोल फोर्ड फिएस्टा १.६, १०१ पीएसची, आजही तिच्या स्टिअरिंगसाठी शोधली जाते. तीही आता १५ वर्षांच्या पुढे गेली आहे.

फियाटच्या गाड्या पुण्याजवळ रांजणगावला बनायच्या. लिनिया टी-जेट (११४ पीएस) आणि २०१५ ची पुंटो अबार्थ (१४५ पीएस) ही दोन नावं चोखंदळ चालक काढतात. अबार्थ या यादीतली सगळ्यात वेगवान गाडी आहे, तरीही ती पहिली गाडी म्हणून घेऊ नका. पार्टसाठी महिना-महिना थांबायची तयारी आणि फियाट जाणणारा मेकॅनिक, दोन्ही हवं. ते असेल तर गोष्ट वेगळी. टियागो जेटीपी (२०१८, ११४ पीएस) बद्दलही हेच. साध्या टियागोपेक्षा वेगळे असलेले पार्ट आधी विचारून घ्या.

सिव्हिक १.८ (२००६ ते २०१३, १३२ पीएस) इंजिनासाठी मन मोहते. पण ती खाली बसते, आपल्याकडच्या गतिरोधकांवर पोट घासते, आणि विम्याचा वरचा हप्ता लागतो. तुमच्या गल्लीतल्या गतिरोधकावरून एकदा चालवून बघितल्याशिवाय ती घेऊ नका.

जाण्याआधी कागद

गाडी बघायला पन्नास किलोमीटर जाण्याआधी घरबसल्या बरंच कळतं. विकणाऱ्याकडून आरसीचा फोटो मागा. एम-परिवहनवर नंबर टाकून मालकाचं नाव, नोंदणीची तारीख, फिटनेसची मुदत, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा जुळतो का ते तपासा. महाट्रॅफिक ॲपवर थकलेली ई-चलनं बघा. काही गाड्यांवर वेग आणि सिग्नलची दहा-वीस हजारांची चलनं साठलेली असतात, आणि त्यावरून गाडी कशी चालवली गेली तेही समजतं.

बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. "कर्ज फेडलंय, कागद येतोय" हे वाक्य पुष्कळदा ऐकायला मिळतं. कागद येऊ द्या, मग बोला. एनओसीची मुदत सहसा ९० दिवसांची असते. ती उलटून गेली असेल तर विकणाऱ्याला नवी आणायला सांगा.

त्याच फोनवर विचारा: गाडी कितव्या मालकाची, टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा, काही इंजिनांत त्याऐवजी चेन असते) कधी बदलला आणि बिल आहे का, दोन्ही किल्ल्या आहेत का, गाडीत काही बदल केलेत का. शेवटचा निरोप असा द्या: "येताना गाडी सुरू करून ठेवू नका."

गाडी बघताना

सकाळी, उजेडात, कोरड्या दिवशी जा. ओल्या गाडीवर रंगाचा फरक दिसत नाही. सोबत टॉर्च, लोहचुंबक आणि साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) घ्या. हा स्कॅनर हजार-दीड हजारांत मिळतो आणि फोनला ब्लूटूथने जोडता येतो. पेंट मोजायचा गेज उसना मिळाला तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन असतो, पुन्हा मारलेला २०० ते ३००. ५०० च्या वर गेला की खाली पुट्टी आहे.

पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम असेल तर गाडी आधीच सुरू केलेली आहे. थंड इंजिनात टायमिंग चेनचा खडखडाट, हायड्रॉलिक टॅपेटचा आवाज आणि निळा धूर दिसतो. तो लपवायचा असेल तर गाडी तापवून ठेवतात. पहिल्या दोन-तीन सेकंदांची खळखळ अनेकदा चालते. दहा सेकंद टिकली तर चेनचा खर्च धरा.

इंजिन थंड असतानाच कूलंटची टाकी बघा. रंगीत, स्वच्छ कूलंट हवं. तपकिरी गढूळ पाणी दिसलं तर कुणीतरी वर्षानुवर्षं साधं पाणीच ओतलंय, आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड, वॉटर पंप आणि रेडिएटर आतून गंजत आलेत. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट साय असेल आणि कूलंटही कमी होत असेल तर हेडगॅस्केटची (इंजिन आणि हेड यांच्यामधल्या सीलची) शंका घ्या. फार कमी अंतर चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही थोडी साय धरते, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र बघायच्या.

बॉडी बघताना पुढच्या ॲप्रनपासून (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचा आतला पत्रा) सुरुवात करा. बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर कंपनीचे स्पॉट वेल्डचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. ते पुट्टीने भरलेले, सपाट झालेले किंवा वेगळ्या वेल्डचे दिसले तर पुढून मोठा मार बसलाय. दारांचे रबर बीडिंग ओढून पिलरच्या कडा बघा. फेंडर आणि बिजागऱ्यांच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का बघा. सगळ्या काचांवर छापलेला कोड आणि वर्ष जवळपास एकच हवं. एकाच दाराची काच नवी असेल तर त्या बाजूला काय झालं ते विचारा. फक्त बंपर किंवा एक दार रंगवलेलं असणं ही चिंतेची बाब नाही. शहरात ते होतंच.

पूर आलेल्या भागातली गाडी असेल तर इथे वेळ घाला. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी भरलं, आणि अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ किंवा डाग असेल तर उत्तर मिळालं. सीटखालची पट्टी गंजलेली, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ, फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट थर, कार्पेटखालचा फोम कुबट, यातल्या दोन गोष्टी सापडल्या तर पुढची तपासणी न करता घरी या. अशा गाडीत वायरिंगचे दोष वर्षभरानंतर एकेक करून वर येतात, आणि कुठलाही मेकॅनिक ते कायमचे काढू शकत नाही.

कोकणातल्या आणि मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या गाड्यांत खालचा गंज बघा: दाराच्या खालच्या कडा, सबफ्रेम, ब्रेकच्या धातूच्या नळ्या, सायलेन्सरचे सांधे. वरवरचा तपकिरी थर चालतो. पापुद्रे निघत असतील किंवा स्क्रूड्रायव्हर टेकवल्यावर पत्रा आत जात असेल तर नाही.

मीटर मागे फिरवणं सर्रास चालतं. ५० हजार किमी दाखवणाऱ्या गाडीत ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड फाटलेली आणि स्टिअरिंग चकचकीत असेल तर आकडा खोटा आहे. मालकाला अधिकृत सेंटरमधून सर्व्हिस हिस्टरी काढायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल तर ते कारण पुरेसं आहे.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचे टायर, नक्षी कितीही दिसत असली तरी, बदलायचेच धरा आणि तेवढे पैसे भावातून मागा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि समान झिजलेले असतील तर मालकाने गाडीकडे लक्ष दिलंय असं समजा. एका बाजूने झिजलेला टायर म्हणजे अलाइनमेंट बिघडलंय, किंवा लोअर आर्म वाकलाय.

आता स्कॅनर लावा. एकही कोड नाही, पण "मॉनिटर रेडी नाहीत" (म्हणजे गाडीच्या संगणकाची स्वतःची तपासणी अजून पूर्ण नाही) असं दिसत असेल तर विकणाऱ्याने सकाळीच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढून लावली आहे. शंभर-दीडशे किलोमीटर चालवल्यावर तो कोड परत येतो. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला येतो म्हणून सांगा.

चालवून बघणं

किमान अर्धा तास, आणि चालवताना रेडिओ बंद. गल्लीतून सुरुवात करा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा: टक-टक-टक आवाज म्हणजे सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद देणाऱ्या दांड्याचा सांधा). उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कट असा आवाज आला तर वरचा स्ट्रट माउंट. गतिरोधकावर एकच धप्प आवाज असेल तर लोअर आर्मचे बुश, आणि खराब रस्त्यावर बारीक खडखड असेल तर लिंक रॉड. हे सगळे स्वस्त आणि सोपे पार्ट आहेत. यासाठी गाडी सोडू नका, भाव कमी करा.

क्लच तपासायला चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवर येऊन ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उसळला आणि वेग वाढला नाही तर क्लचप्लेट संपली. गिअरसाठी तिसऱ्यातून दुसऱ्यात थोड्या जास्त वेगात टाका. करकर झाली किंवा गिअर अडला तर दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर जुळवून देणारी कडी) गेलाय. जोरात चालवलेल्या गाडीत हाच आधी जातो, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागतो. डीएसजी असेल तर गाडी पूर्ण तापू द्या, मग हलक्या चढावर ट्रॅफिकसारखी रांगवा, रिव्हर्स घ्या. थंड असताना गुळगुळीत आणि वीस मिनिटांनंतर थरथर, हा त्याचा नेहमीचा दोष आहे. गिअरचा आकडा लुकलुकला तर तिथेच थांबा.

टर्बो गाडीला दोन मिनिटं न्यूट्रलला चालू ठेवून मग जोरात ॲक्सिलरेटर द्या. निळ्या धुराचा लोट आला तर टर्बोच्या सीलमधून ऑइल जातंय. मेकॅनिक सोबत असेल तर इंटरकूलरचा पाइप काढून बघा. आत ऑइलचा पातळ थर असतोच, पण साठलेलं ऑइल नको.

मोकळ्या रस्त्यावर ८० वरून एकदा जोरात ब्रेक मारा, अर्थात मागे कुणी नसताना. गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकतोय. स्टिअरिंग थडथडलं तर डिस्क वाकडी आहे. वेग वाढेल तसा घूं आवाज वाढत असेल आणि डावीकडे-उजवीकडे वळताना बदलत असेल तर व्हील बेअरिंग. परत आल्यावर एसी लावून गाडी दहा मिनिटं उभी चालू ठेवा. तापमानाचा काटा मध्याच्या वर जाता कामा नये आणि पंखा सुरू झाला पाहिजे. आपल्या उन्हाळ्यात हीच खरी परीक्षा आहे.

इथवर गाडी पास झाली तर तिला स्वतःच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवा. पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. चारही सिलिंडरच्या आकड्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. ही तपासणी विकणाऱ्याने नाकारली तर सौदा तिथेच संपला.

सौदा आणि नावावर करणं

भाव करताना हातात यादी ठेवा: टायर इतके, ब्रेक डिस्क इतक्या, टायमिंग बेल्ट इतका, चलनं इतकी. "थोडं कमी करा" म्हणण्यापेक्षा यादीने जास्त कमी होतं. विसार द्या तो थोडा द्या, बँकेतून द्या, आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या की बोजा उतरला नाही तर परत मिळेल.

ताबा घेताना फॉर्म २९ आणि फॉर्म ३० (मालकी बदलाचे अर्ज) वर सह्या, आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे ओळखपत्र आणि पत्त्याचे पुरावे घ्या. डिलिव्हरी नोट लिहा आणि त्यात तारखेबरोबर वेळही घाला. त्या मिनिटाआधीचं चलन त्यांचं, नंतरचं तुमचं. त्याच राज्यातली गाडी असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरता येतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का, तेही बघा. नसेल तर तिच्यासाठी आरटीओचं काम अडू शकतं.

विमा १४ दिवसांत नावावर करा. थर्ड-पार्टीचं संरक्षण कायद्याने पुढे चालतं, पण पॉलिसी नावावर नसेल तर तुमच्याच गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. नो-क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विकणाऱ्याचा ५० टक्के बोनस तुम्हाला मिळत नाही, फरक भरावा लागतो.

पहिल्या महिन्यात

टायमिंग बेल्टचं बिल नसेल तर तो बदललाच नाही असं धरून चला. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला, कारण मजुरी एकदाच लागते. बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात. कमी चालणाऱ्या गाडीला वर्षांचीच मर्यादा आधी लागू होते.

मग सगळी तेलं बदला. इंजिन ऑइल छोट्या गाड्यांना साधारण तीन ते चार लिटर लागतं. नेमका आकडा आणि ग्रेड पुस्तिकेतून घ्या, टर्बो गाडीला दुकानदाराच्या अंदाजाने ऑइल घालू नका. गिअर ऑइल दोन लिटरच्या आसपास, मॅन्युअल गाडीत बहुतेकांनी कधीच बदललेलं नसतं. ब्रेक फ्लुइड डॉट ४, एक लिटर, चारही चाकांतून जुनं पूर्ण काढून. हे फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. घाटात ब्रेक तापले की ते पाणी उकळतं आणि पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी बदला. कूलंट ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याबरोबर निम्मं-निम्मं.

टायर घेताना मूळ मापाच्या जवळ राहा. १८५/६० आर१५ च्या जागी १९५/५५ आर१५ घातला तर चाकाचा व्यास सव्वा टक्क्यानेच कमी होतो, तो चालतो. तीन टक्क्यांच्या पुढे गेलात तर स्पीडोमीटर आणि एबीएस दोन्हींचं गणित बिघडतं. पावसाळ्यात नक्षी ३ मिलिमीटरच्या खाली गेली की बदला. कायद्याची १.६ ची मर्यादा ओल्या घाटरस्त्याला पुरत नाही. ब्रेक पॅडलाही तोच ३ मिलिमीटरचा नियम लावा. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून बघा.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसचा बाजार. जुने काढलेले पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळतात. तिथून दिवे, आरसे, आतलं प्लास्टिक घ्या. ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे पार्ट कधीही जुने घेऊ नका.

ताकद वाढवायचा मोह पहिलं वर्ष तरी आवरा. ईसीयू रीमॅप (इंजिनाच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलणं) केला तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत फेरफार चालत नाही. पोलोच्या त्या डीएसजीची सहनशक्ती २५० न्यूटन मीटरची आहे. रीमॅप त्या मर्यादेच्या जवळ गेला की आधीच नाजूक क्लच लवकर संपतो. चांगले टायर, नवे बुश आणि ताजं ब्रेक फ्लुइड यांनी गाडी जेवढी बदलते तेवढी रीमॅपने बदलत नाही. आधीच रीमॅप केलेली गाडी पहिली म्हणून घेऊ नका.

उभी असताना

मजेची गाडी बहुतेक वेळ उभीच असते, आणि उभ्या गाडीचे दोष वेगळे असतात. आठवड्यातून एकदा ती किमान अर्धा तास चालवा, म्हणजे ऑइल पूर्ण तापेल आणि त्यातला ओलावा उडेल. नुसती पाच मिनिटं चालू करून बंद केली तर बॅटरी अजून उतरते आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. महिनाभर बाहेर जाणार असाल तर बॅटरीचं ऋण टर्मिनल काढून ठेवा, आणि टायरमध्ये ३-४ पीएसआय जास्त हवा भरा.

एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत. इथेनॉल पाणी शोषतं, म्हणून टाकीत दोन-दोन महिने तेच पेट्रोल ठेवू नका. रबरी इंधननळ्या दरवर्षी बघा. चिरा दिसल्या किंवा पेट्रोलचा वास आला तर लगेच बदला.

उंदीर हा आपल्याकडचा खरा शत्रू आहे. दर आठवड्याला बॉनेट उघडून बघा. इंजिनवर शेंगांची टरफलं, कापूस किंवा लेंड्या दिसल्या तर गाडी सुरू करण्याआधी वायरिंग आणि एअर फिल्टरचा डबा तपासा. जवळपास धान्य, भाजीचा कचरा राहू देऊ नका. रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवलं तर आत अंधार आणि ऊब राहत नाही, म्हणून बंद पार्किंग असेल तर तसं करा.

पावसात चालवून आणलेली गाडी हँडब्रेक ओढून उभी करू नका. मागे ड्रम असतील तर ओले शू ड्रमला गंजून चिकटतात आणि पुढच्या रविवारी चाक हलत नाही. पहिला गिअर टाका, चाकाला विटेचा किंवा लाकडाचा ठोकळा लावा आणि हँडब्रेक सोडा. चिकटलेच, तर क्लच जाळत गाडी ओढू नका. चाक काढून ड्रमवर रबरी हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोके मारले की शू सुटतात.